सोमकोरचा रुसवा

जावई रुसला की काय काय अडतं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. लग्नात रुसला तर पंगत अडते, दिवाळीत रुसला तर फराळ अडतो. पण बद्रीनाथ तात्यांचे थोरले जावई सोमेश्वरराव यंदाच्या अधिक महिन्यात रुसले आणि जालन्याच्या अंबड रोडवरचा अख्खा कोषबाजार ठप्प झाला, हे मात्र पहिल्यांदाच घडलं.

कोषबाजार म्हणजे रेशमाच्या कोषांचा. तुतीचा पाला खाऊन खाऊन अळी टम्म होते, स्वतःभोवती धागा गुंडाळून घेते आणि आत गपगार झोपते. ती झोपेत आहे तोवरच शेतकऱ्याने कोष विकायचा असतो. उशीर झाला की तिचं पाखरू होतं, ते कोष फोडून बाहेर येतं, आणि भोक पडलेल्या कोषाकडे धागा काढणारा व्यापारी बघतसुद्धा नाही. उन्हाळ्यात तर पाखराला जास्तच घाई. बाकीच्या बाजारात माल नासतो, इथे त्याला डोळ्यांदेखत पंख फुटतात.

बाजार तात्यांच्या मालकीचा, आणि त्याचं सॉफ्टवेअर अर्पिता सांभाळायची. पोरगी कुंभार पिंपळगावची, इंजिनिअरिंग संभाजीनगरला केलेलं. पुण्यात नोकरी करून परत आली होती, कारण तिच्या मते तिथेही हेच काम होतं, फक्त चहा महाग होता. इकडे आईने, बेबीनंदाने, एक एकरात तुती लावली होती आणि शेड उभारलं होतं. महिनाभर मायलेकी मोबाईलवर अळ्यांशिवाय दुसरं काही बोलल्या नव्हत्या. आज पाला कमी खाल्ला, आज कात टाकली, आज शेडमध्ये गरम होतंय म्हणून गोणपाट ओले करून टांगले. बेबीनंदाची ही पहिली बॅच होती, आणि ती सोमवारी बाजारात येणार होती.

आता सॉफ्टवेअरची गोष्ट. हल्ली कुणी सगळा प्रोग्रॅम एकहाती लिहीत नाही. लोकांनी लिहून इंटरनेटवर ठेवलेले तयार तुकडे आणायचे, जोडायचे, त्यावर आपलं काम चालवायचं. बाजाराच्या प्रोग्रॅममध्येही असे पुष्कळ तुकडे होते, आणि सगळ्यांच्या मुळाशी बसलेल्या तुकड्याचं नाव होतं सोमकोर.

सोमकोर सोमेश्वररावांनी साखरपुडा आणि लग्न यांच्यामधल्या दिवसांत लिहिला होता. सासऱ्यावर छाप पाडायची म्हणून. काम एवढंच, की काट्यावरचं वजन घ्यायचं, त्यातून क्रेटचं वजन वजा करायचं, आलेल्या बोलीने गुणायचं आणि सगळ्यात वरची बोली कुणाची ते सांगायचं. त्याला त्यांनी स्वतःचं नाव दिलं आणि इंटरनेटवर स्वतःच्याच खात्यात ठेवून दिला. पुढे लग्न झालं, पुणं झालं, बढत्या झाल्या, आणि आता ते अशा खुर्चीत बसत होते जिथे प्रोग्रॅम लिहिणं कमीपणाचं समजतात. सोमकोरकडे त्यांनी परत ढुंकून पाहिलं नाही.

तात्यांना वाटायचं, प्रोग्रॅम म्हणजे लोणचं, जितका मुरेल तितका चांगला. असतो तो दुधासारखा. आपण हात लावला नाही तरी आपोआप बिघडतो, कारण भोवतालचं सगळं बदलत असतं. सोमकोर ज्या भाषेत लिहिला होता तिच्या नव्या नव्या आवृत्त्या आल्या, सोमकोर जुन्याच आवृत्तीवर मांडी घालून बसला. तो तिथे बसला म्हणून बाकीच्या सगळ्या तुकड्यांनाही तिथेच बसावं लागलं. कुणी नवं घ्यायला गेलं की सोमकोर मोडायचा. एका पाहुण्याला तिखट चालत नाही म्हणून अख्ख्या वऱ्हाडाने अळणी जेवायचं, असा तो प्रकार.

अर्पिताने यावर उपाय करून ठेवला होता. तेच काम करणारा नवा तुकडा तिने लिहिला, जुन्या लिलावांवर चालवून तपासला आणि त्याला ‘वजन’ असं साधं नाव दिलं. मग ती तात्यांकडे गेली.

“अर्पिता, तू हुशार हायेस,” तात्या म्हणाले. “पण जावयाचं काढून टाकायचं म्हंजे काय? लोकं म्हणतील, लेक देताना सॉफ्टवेअर घेतलं आन् आता जावई उकिरड्यावर टाकला.”

“तात्या, जावई नाही काढायचा. प्रोग्रॅम काढायचाय.”

“त्याच्यावर नाव कुणाचंय?”

नाव जावयाचंच होतं. विषय तिथे संपला.

तात्यांचा पुतण्या सुमित हा तिथला मॅनेजर. त्याला डेव्हऑप्सचं वारं लागलं होतं. आता डेव्हऑप्स म्हणजे, प्रोग्रॅम लिहिणारे आणि चालवणारे यांनी एकमेकांशी नीट बोलावं आणि रोजची कामं मशीनवर सोपवावीत, इतकी सरळ गोष्ट. पण बोलण्यापेक्षा टीव्ही लावणं सोपं असतं. सुमित पुण्याच्या एका शिबिराला जाऊन आला आणि त्याने ऑफिसात भिंतभर टीव्ही लावला. त्यावर हिरवे, पिवळे, तांबडे दिवे. हिरवा म्हणजे चालू, तांबडा म्हणजे बंद. पिवळा म्हणजे इशारा, की बाबांनो, हे जुनं झालंय, कधीतरी अंगावर येईल. सोमकोरसमोर कायम पिवळा दिवा असायचा.

“सर, हे पिवळं बघा ना एकदा,” अर्पिता म्हणायची.

“पिवळी तर हळद असती,” सुमित हसायचा. “शुभ हाये. राहू दे.”

शिबिरातून त्याने आणखी एक गोष्ट आणली होती, ‘रोज ताजं’. रोज सकाळी लिलावाआधी कालचा प्रोग्रॅम मशीनने आपोआप पुसून टाकायचा, सगळे तुकडे इंटरनेटवरून नव्याने आणायचे आणि नवा प्रोग्रॅम उभा करायचा. कालचा जपून ठेवू या, अडीअडचणीला कामी येईल, असं अर्पिता म्हणाली तेव्हा सुमितने तिला समजावलं, की आपण शिळं खात नाही. नियम वाईट नव्हता, पण अर्धाच आणला होता. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सुमित झोपला असावा, असा अर्पिताचा अंदाज होता.

असं सगळं टांगलेलं असताना अधिक महिना आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, जावयांचा महिना. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, वर कपडे आणि भांडं. तात्यांनी दोन्ही जावयांना रविवारी जेवायला बोलावलं. धाकटा हरिओम, ट्रॅक्टरच्या शोरूमवाला, वेळेवर आला. थोरल्यांची गाडी बदनापूरला पंक्चर झाली. हरिओमला भूक आवरेना, म्हणून सासूबाईंनी त्याचं औक्षण करून वाण देऊन टाकलं, आणि हाताला लागलं ते ताट दिलं. ते निघालं चांदीचं. सोमेश्वरराव घामाघूम होऊन पोचले तेव्हा तांब्याचं राहिलं होतं.

त्यांनी ताटाकडे एकदा बघितलं. सगळे धोंडे खाल्ले, अनारसे डब्यात भरून घेतले आणि वरच्या एसीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. घरच्यांना वाटलं, जेवण जड झालं असेल.

सोमवारी सकाळी टीव्हीवर तांबडा दिवा लागला.

हॉलमध्ये क्रेटच्या रांगा लागल्या होत्या. परतूरपासून घनसावंगीपर्यंतचे शेतकरी रात्रीचा प्रवास करून आले होते. बेबीनंदा तिसऱ्या रांगेत तिच्या क्रेटांजवळ पदर खोचून उभी होती. कोष पांढरेशुभ्र, टणक, हातात घेऊन हलवले की आत खुळखुळ वाजणारे. शेजारच्या क्रेटवाल्याने “जयभीम ताई, माल एक नंबर हाये” म्हटलं तेव्हा तिने मागे वळून काचेपलीकडे बसलेल्या लेकीकडे बघितलं होतं.

लेक घामाघूम झाली होती. मशीन दर खेपेला एकच सांगत होतं, सोमकोर सापडत नाही. अर्पिताने सोमेश्वररावांचं खातं उघडलं, तर ते झाडून पुसून लख्ख केलेलं. रविवारी दुपारी, जेवणानंतर.

“दाजी चुकून करून बसले असतील,” सुमित म्हणाला आणि त्याने फोन लावला. दाजींनी उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला, तो सुमितने मोठ्याने वाचला आणि मग त्याला वाटलं असावं की मनात वाचायला हवा होता.

“जुनं सामान आवरायला काढलंय. माझी तांब्याची भांडी तुम्हाला कशाला हवीत? तुमच्याकडे चांदीची आहेत.”

मग अर्पिता म्हणाली, “सर, माझं ‘वजन’ तयार आहे. जोडू का? तासाभरात लिलाव चालू होईल.”

“आधी मीटिंग,” सुमित म्हणाला. शिबिरात सांगितलं होतं, काही बंद पडलं तर कुणाला दोष द्यायचा नाही, ‘का’ विचारत मुळापर्यंत जायचं. सगळ्यांना गोल बसवून तो विचारत गेला. लिलाव का बंद पडला? सोमकोर नाही म्हणून. सोमकोर का नाही? दाजींनी काढला म्हणून. का काढला? रुसले म्हणून. का रुसले? ताटावरून. तांब्याचं ताट का गेलं? उशीर झाला म्हणून. उशीर का झाला? पंक्चर.

“सापडलं मूळ!” सुमित म्हणाला, आणि टीव्हीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘यापुढे जावयांनी निघण्यापूर्वी टायर तपासून घ्यावेत.’ बाहेर हॉलमध्ये ऊन चढत होतं.

दुपारी तात्यांनी तोंडी लिलाव करायचं ठरवलं. पण मोठे व्यापारी दूर कर्नाटकात बसून मोबाईलवरून बोली लावायचे, ते काही जालन्याला धावत येणार नव्हते. हॉलमध्ये हजर होते ते दोन स्थानिक व्यापारी, आणि त्यांनी एकमेकांकडे बघून असा भाव पुकारला की शेतकरी क्रेटवर झाकणं टाकून मोकळे झाले. त्यापेक्षा उद्याची वाट बघू म्हणाले.

संध्याकाळी तात्या आणि सुमित वरच्या खोलीच्या दारात जाऊन बसले. आतून आवाज आला, “मला काही नको.” हे जावयाच्या तोंडचं सगळ्यात महागडं वाक्य असतं, हे तात्यांना ठाऊक होतं. थोरल्या लेकीने, दैवशालाने, बापाला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा, ह्यांना चार दिवस कुणी विचारू नका, आपोआप उतरतील खाली. पण जावयाला कुणी विचारलं नाही तर विचारलं नाही म्हणून दुसरा रुसवा धरायचा, ही भीती तात्यांना जास्त.

मंगळवार तसाच गेला. अर्पिता पुन्हा तात्यांकडे गेली.

“तात्या, शेतकऱ्यांचा माल फुटेल. उकाडा बघा किती आहे. मला फक्त हो म्हणा.”

“आत्ता? तो रुसलेला असताना?” तात्यांनी कपाळाला हात लावला. “म्हंजे त्येला कळलं, की त्येच्याबिगर चाललं, तर माझ्या लेकीचं काय? आधी रुसवा काढू, मंग तुझं बघू. हा घरातला मामला हाये पोरी, तू न्हाई पडायचं यात.”

घरातल्या मामल्यासाठी घराबाहेरचे पन्नास-साठ शेतकरी हॉलमध्ये चटया टाकून पडले होते, ही गोष्ट अर्पिताच्या जिभेवर आली होती. ती तिने गिळली. नोकरी होती, आणि जालन्यात या कामाच्या दुसऱ्या नोकऱ्या झाडाला लागलेल्या नव्हत्या.

रात्री फोनवर बेबीनंदा म्हणाली, “मी हितंच थांबून राह्यले. तू जेवलीस का?”

“आई, तू जेवलीस का?”

“क्रेटला कान लावून बसलेय. आत चुळबुळ चालू झाल्यासारखी वाटून राह्यली.”

बुधवारी सकाळी पहिलं पाखरू निघालं. पिठूळ पांढरं, जाड अंगाचं, पंख असून उडता न येणारं. ते क्रेटच्या काठावर येऊन बसलं आणि पंख थरथरवू लागलं. कुणाच्या तरी लॉटमधलं होतं. मग दुसरं, मग चौथ्या रांगेत एकदम पाच-सहा. माणसं क्रेटांवर ओणवी झाली आणि फुटलेले कोष वेचून बाहेर टाकू लागली, कारण फुटलेल्याचा ओलावा चांगल्यालाही डागाळतो. बेबीनंदाही वेचत होती. तिने मान वर केली नाही, ती रडली नाही. तिचे हात तेवढे पटपट चालले होते, आणि काचेमागून ते हात बघताना अर्पिताला स्वतःची चीड आली. उपाय आपल्या मशीनमध्ये आहे आणि आपण परवानगीची वाट बघत बसलोय.

तात्या आणि सुमित सकाळीच सराफ्यात गेले होते. चांदीचं ताट, आणि ताटाने भागलं नाही तर अंगठी. अर्पिताने सुमितला फोन लावला. त्याने कापला आणि मेसेज टाकला, ‘अंगठीचं माप चालू आहे.’

अर्पिताने तो मेसेज दोनदा वाचला. मग ती उठली, हॉलमध्ये गेली, आईच्या एका क्रेटला हात घालून म्हणाली, “आई, हे काट्यावर ठेवू लाग.” क्रेटचं वजन झालं. तिने कागदावर हाताने हिशोब मांडला, आत येऊन ‘वजन’ला तेच आकडे दिले. उत्तर जुळलं. तिने आणखी काही क्रेटांचं करून पाहिलं, तेही जुळलं. मग सोमकोरच्या जागी ‘वजन’ जोडलं.

मशीनने सुमितची मंजुरी मागितली. सुमितचा पासवर्ड राजूरच्या गणपतीच्या नावाने होता आणि चहा घेऊन येणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना पाठ होता. अर्पिता बौद्ध घरातली, गणपतीचं नाव घ्यायची तिच्यावर एरवी वेळ यायची नाही. तिने ते शांतपणे टाइप केलं.

तांबडा दिवा गेला. पिवळा लागला नाही. सगळे दिवे एकापाठोपाठ एक हिरवे होत गेले, आणि सोमकोरच्या जागेवर जो बसला होता त्याच्यासमोरही हिरवाच होता. या टीव्हीवर एवढं हिरवं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

“लिलाव चालू!” तिने माईकवरून सांगितलं, आणि आवाज फाटला.

पुढचा तासभर कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. क्रेट काट्यावर, आकडा टीव्हीवर, बोली मोबाईलवर. व्यापारी तीन दिवसांचे भुकेले होते, बोल्या धडाधड पडल्या. बेबीनंदाच्या लॉटमधला बराच माल बाद झाला होता, तो वेगळा काढावा लागला. राहिलेल्याला भाव मात्र चांगला लागला. बेबीनंदाने टीव्हीवर स्वतःचं नाव आलेलं बघितलं, नावापुढचा आकडा बघितला आणि क्रेटवरच बसकण मारली. अर्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही, पुसायला हात मोकळे नव्हते.

एवढ्यात सुमितचा फोन आला. मागून पिपाणीसारखा हसण्याचा आवाज येत होता.

“अर्पिता! मानले दाजी! आत्ताच सोमकोर परत टाकला त्यांनी, स्वतःच्या हाताने! बघ बरं, चालू झालं का?”

“चालूच आहे सर. मी मघाशीच—”

“चालू झालं! तात्या, चालू झालं!” फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. “दाजींच्या हातालाच यश हाये बघ. टाकला आन् चालू! आम्ही आलोच त्यांना घेऊन.”

फोन बंद झाला. अर्पिताने पुढचा लॉट पुकारला.

ते आले ते वाजतगाजत. पुढे तात्या, मध्ये सोमेश्वरराव, बोटात अंगठी, मागे सुमितच्या हातात चांदीचं ताट. दारात फटाक्यांची लड लावली, तिच्या आवाजाने बेंचवरची दोन-चार पाखरं खाली पडली. तात्यांनी जावयाच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. माईक घेतला, आणि आमच्या जावईबापूंनी आज शेतकऱ्यांचं सोनं वाचवलं, असं जाहीर केलं. शेतकऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. माल विकला जात होता, कुणासाठीही वाजवल्या असत्या.

बेबीनंदा काचेच्या आत येऊन लेकीच्या खुर्चीमागे उभी राहिली.

“ह्यो कोण गं? ह्यानं काय केलं?”

“रुसले होते. मानले.”

“पण लिलाव तर आधीच चालू झाल्ता की. माझा लॉट गेला तव्हा तर ह्यो आल्ताच न्हाई.”

“हो.”

“मंग तुला हार कामून न्हाई?”

“मी रुसले नव्हते ना, आई.”

बेबीनंदाने थोडा विचार केला. “मंग रुस की माय तू पण! बिलकुल रुस. आवर तुझं सामान, चल माझ्याबरूबर पिंपळगावला. बघू दे यायला हे ताट घेऊन.”

अर्पिताला हसू आलं. तिच्याही मनात ते येऊन गेलं होतं, एकदा नाही, फटाके वाजत असताना चांगलं दोनदा. पण काचेपलीकडे अजून अर्धी रांग बाकी होती. पिंपळगावचीच सगुणाबाई पुढच्या क्रेटवर हात ठेवून उभी होती, तिच्या कोषांतही चुळबुळ सुरू झाली असणार. रुसायचं तर आपला कुणाचा माल हॉलमध्ये पडलेला नसावा लागतो. सोमेश्वररावांचा एक कोष तिथे नव्हता, म्हणून त्यांना जमलं.

“तू जेवून ये,” ती आईला म्हणाली. “माझं अजून राहिलंय.”

तेवढ्यात सोमेश्वरराव स्वतःच आत आले. आपलं लेकरू कसं चाललंय ते बघावं, असा त्यांचा चेहरा होता. अर्पिताच्या खांद्यावरून ते पडद्यावर वाकले. त्या इमारतीत तो पडदा वाचता येणारं दुसरं माणूस तेच होतं. ते वाचत गेले, आणि वाचता वाचता हाराचा वास त्यांना नकोसा झाला असावा, कारण त्यांनी मान मागे घेतली.

“सोमकोर कुठाय?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही सर. काढला.”

“कधी?”

“तुम्ही परत टाकलात त्याच्या आधी तासभर.”

“म्हणजे हे सगळं...” त्यांनी बाहेरच्या गर्दीकडे, तात्यांकडे, ताट मिरवणाऱ्या सुमितकडे बघितलं. “हे माझ्याशिवाय चालू झालंय?”

“हो.”

त्यांच्या तोंडावर काय होतं ते अर्पिताला नीट कळेना. राग असावा असं तिला आधी वाटलं. मग वाटलं, पोराने कॉपी करून परीक्षा दिली आणि पहिला नंबर आला, तसं काहीतरी. तिला क्षणभर दयाही आली आणि त्या दयेचाच राग आला. त्यांच्या रुसव्यात कितीतरी कोष फुटले होते.

मागून तात्या आले. “काय जावईबापू, बराबर हाये ना सगळं?”

सोमेश्वररावांनी अर्पिताकडे पाहिलं. सासरा समोर, गळ्यात हार, बोटात अंगठी. “बराबर आहे,” ते म्हणाले.

“अर्पिता,” तात्यांनी बोट उगारलं, “जावईबापूंचं परत आलंय तर ते परत पहिल्या जागेवर ठेव. एकदम वर. बाकीच्यांचं मागून. त्येच्यात हयगय नको.”

खरं काय ते सांगून टाकावं, असं अर्पिताला फार वाटलं. पण तात्या खरं ऐकायला आलेच नव्हते, ते मान ठेवायला आले होते. आणि मान ठेवायचा असेल तर त्याची एक जागा असते, कामाची जागा वेगळी असते, हे तिला तिथे बसल्या बसल्या अगदी स्वच्छ दिसलं.

“ठेवते तात्या. एकदम वर.”

तात्या समाधानाने फोटोवाल्याला बोलवायला गेले. अर्पिताने प्रोग्रॅमच्या अगदी पहिल्या ओळीत सोमकोरचं नाव लिहिलं, ठळक, कुणालाही दिसेल असं. त्याखालचं काही बदललं नाही. सोमेश्वरराव वाचत होते. त्यांनी वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचलं.

“हे वर नुसतं नावच आहे,” ते म्हणाले. “खाली तर कुणीच त्याला हाक मारत नाही.”

“मानाचं ताट आहे ते सर. वाढून ठेवायचं असतं. त्यातलं कुणी जेवत नाही.” तिने पुढच्या लॉटचं बटण दाबलं, सगुणाबाईचं नाव टीव्हीवर आलं. “आता तुम्ही खुशाल रुसा. बाजार बंद पडणार नाही.”

सोमेश्वररावांनी गळ्यातला हार काढला आणि तिच्या टेबलावर ठेवला. तेवढ्यात बाहेरून फोटोवाल्याने जावईबापूंना हाक मारली, म्हणून त्यांनी तो उचलून परत घातला आणि ते बाहेर गेले.